साडेतीनशे ग्रॅमची चोरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आणि चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल. कारण हा गाढवपणा दुसऱ्या कुणाचा नाही, माझा स्वतःचा आहे. भर रस्त्यावर, आठ-दहा बायांच्या साक्षीने, काट्यावर वजन करून केलेला!

झालं असं, की यंदा धोंड्याचा महिना आला. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच. म्हणजे जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालणं आलं, आणि आमच्यात तर व्याही-विहीणबाईंनाही ताटावर बसवतात. जावई प्रशांतराव तिकडे हिमाचलात औषधांच्या कारखान्यात नोकरीला. लेक शिल्पाही तिकडेच. दोघं दोन दिवस रेल्वेत काढून शुक्रवारी गंगाखेडला पोचले. आणि सोबत काय आणावं? एक पेटी पीच!

आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुमनने, पेटी उघडली आणि एक फळ उचलून डोळ्याजवळ नेलं.

"हे काय गं? सफरचंदाला लव आली का?"

"आई, पीच हायत ते. तिकडं याचं क्रिस्प करतात. खाली फळाच्या फोडी, वर पीठ-लोणी-साखरेचा भुगा, आन् मस्त भाजायचं. यांना लय आवडतंय."

मी पेपर वाचत होतो. माझा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता. असं म्हणतात ना, सुखाचा जीव दुःखात घालायचा? तो मी तेवढ्यात घातला. कारण फोन वाजला, आणि फोनवर होते आमचे व्याही दिगंबरराव. मुक्काम चुडावा. माणूस सज्जन, पण चिमटे काढण्यात एकदम पटाईत.

"काय गुरुजी, धोंड्याची तयारी चालू का? ताईच राबायल्या असतील. तुमी आपलं पाटावर बसायचा सराव करायलाव ना?"

लागलं हो मला! एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस मी. निवृत्त झालो म्हणून काय पाटावर बसायलाच उरलो?

"दिगंबरराव," म्हटलं, "रविवारी गोड माझ्या हातचं खाणार तुम्ही. पीच क्रिस्प."

"ते काय असतंय?"

"या, मग कळेल!" आणि ठेवला फोन.

वळून बघतो तर सुमन दारात उभी.

"जल्मात कधी चहा केलाव का?"

"शब्द दिलाय."

"शब्द दिलाव, पण भट्टी कुठं हाय घरात? कशात भाजणार?"

मी म्हटलं, कुकरमध्ये खाली मीठ घालून लोक केक करतात की. ती म्हणाली, "माझ्या कुकरात मीठ घातलंव तर तुमालाच बसवीन त्यात." आणि शिट्टी काढून स्वतःच्या कपाटात ठेवली. कुलूप लावून!

पण आपण मागे हटणारा माणूस नाही. शनिवारी सकाळी जुन्या कढईत रेती घालून, वर ताटली झाकून पहिला प्रयोग केला. शिल्पा शेजारी उभी राहून सांगत होती, मी करत होतो. दीड तास गॅस जळला. झाकण काढलं तेव्हा खाली पीचचं वरण आणि वर कणकेचा उपमा तयार होता. प्रशांतरावांपुढे वाटी ठेवली. बिचारे म्हणाले, "टेस्ट चांगली आहे बाबा," आणि लागोपाठ दोन तांबे पाणी प्यायले.

"मुरंबा करा आन् मोकळे व्हा," सुमन म्हणाली. "फळं मऊ पडायलीत. उद्या सांजपर्यंत टिकायची न्हाईत."

"क्रिस्प म्हणजे क्रिस्पच!"

आणि तेव्हा मला भट्टी आठवली.

आता तुमच्यातले जे शहरात वाढले त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात नानकटाई विकत आणत नाहीत. पीठ, तूप, साखर डब्यात घालून बेकरीवर न्यायची आणि भट्टीवाल्याकडून आपल्यादेखत करून घ्यायची. सकाळी पाव निघाले की भट्टी जरा निवते, मग त्या आचेवर घरोघरच्या नानकटायांचे ट्रे आत जातात. आणि आपण काय करायचं? आपला ट्रे बाहेर येईपर्यंत समोर ठाण मांडून बसायचं. नजर हटली की घरचं साजूक तूप जातं आणि वनस्पती येतं, अशी आमच्या आईची शिकवण. आईला असं करणारा कुणी उभ्या जन्मात सापडला नाही, ती गोष्ट वेगळी. पण नजर ठेवायची!

भट्टी खदीरची. त्याच्या अब्बांच्या काळापासूनची बेकरी. खदीर माझाच विद्यार्थी, आता त्याच्या दाढीत पांढरं आलंय. तुम्ही म्हणाल, विद्यार्थीच आहे, मग विश्वास टाकायचा. अहो, विद्यार्थी म्हणून कसा होता हे मी जवळून बघितलंय, म्हणूनच तर नजर जास्त!

रविवारी पहाटे उठलो. पीच धुतले, बिया काढल्या, फोडी केल्या. साखर, लिंबू, दालचिनी चोळली. वरच्या भुग्यासाठी कणीक, ओट्स, साखर आणि फ्रिजमधलं गार लोणी बोटांनी कुस्करलं. एक गोळा राहू दिला नाही. भुगा फोडींवर पसरला तर ट्रे काठाच्या वर शीग लागून भरला. मग घरच्या काट्यावर ठेवला. ट्रेसकट बरोबर चार किलो! विसरू नये म्हणून तळहातावर पेनाने लिहून घेतलं.

"हातावर काय लिवायलाव?" सुमनने विचारलं.

"वजन."

"कामून?"

"असू द्यावं."

आठ वाजता बेकरीवर हजर. पुढे बायांची रांग, डबे घेऊन बसलेल्या. आमच्या गल्लीतल्या मंदाताई पहिल्याच होत्या. खदीर मला बघून उठला.

"आओ सर, आओ! ये क्या लाए?"

मी सांगितलं. त्याने ट्रेवर वाकून वास घेतला. "वा! सर, तुमी घरी जा आरामात. झालं की मी सोता आणून देतो. धूप लय हाय."

"नको," म्हटलं. "मी बसतो."

"अर्धा-पाऊण घंटा लागंल."

"बसतो म्हटलं ना!"

बसलो. भट्टीच्या तोंडापासून पाच हातांवर, स्टुलावर. बाहेर ऊन, आत भट्टी, मध्ये मी. घामाने सदरा पाठीला चिकटला. मंदाताईंनी दोनदा पाणी दिलं. पण नजर? नजर हलवली नाही. अर्धा तास असा बसलो की शाळेत परीक्षेच्या वेळीसुद्धा कधी बसलो नव्हतो.

आणि फोन वाजला. दिगंबरराव! गाडीत बसले होते, त्यांचा आवाज तुटत होता. आत ऐकू येईना म्हणून मी रस्त्यावर आलो, कडुलिंबाखाली जाऊन दुसऱ्या कानावर हात ठेवून ओरडायला लागलो.

"गुरुजी, ते तुमचं किरीस का फिरीस, झालं का? का ताईच करायल्यात?"

"अहो, माझ्या डोळ्यांसमोर भट्टीत आहे!" मी ओरडलो. भट्टीकडे पाठ करून!

पाच मिनिटं गेली असतील. परत आलो तर ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवलेला. काय वास हो! लोणी, दालचिनी आणि ते गरम फळ. भुगा असा सोनेरी झालेला, कडेने लाल रस बुडबुडत होता. माझा ऊर भरून आला. दिगंबरराव, या आता!

पण मग मी नीट बघितलं. निघताना जो ट्रे काठाच्या वर भरलेला होता, तो आता काठाच्या दोन बोटं खाली गेला होता.

मी खदीरकडे पाहिलं. खदीर काहीतरी चघळत होता.

"खदीर, काटा आण."

"काटा? कायकू सर?"

"आण म्हटलं ना!"

ठेवला ट्रे काट्यावर. तीन किलो सहाशे पन्नास! तळहात उघडला. घामाने अक्षर फुटलं होतं, पण चाराचा आकडा दिसत होता. साडेतीनशे ग्रॅम कमी. म्हणजे चांगले मोठे दोन-तीन पीच!

"खदीर, काय खातोयस?"

"खारीक हाय सर. सकाळपास्नं पोटात काय न्हाई."

"तोंड उघड."

अहो, उघडलं त्याने! पन्नाशीला आलेल्या माणसाने, आठ-दहा बायांपुढे, माझ्या एका शब्दावर तोंड उघडलं. आत खारीकच होती. पण मी कसला थांबतोय! म्हटलं, खारीक वरून टाकली असणार.

"चार किलो दिलं होतं मी. वजन करून. हे बघ, हातावर लिहिलंय! साडेतीनशे ग्रॅम गेलं कुठं?"

"सर, मी हात बी लावला न्हाई. अब्बांची कसम."

इथे मी गप्प बसलो असतो तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं. पण मंदाताई उठल्या. त्यांचा एक ट्रे आधीच भाजून निघाला होता. म्हणाल्या, "गुरुजी, माझं बी बगा बरं." बघितलं. घरून मोजून आणलेलं सामान आणि निघालेली नानकटाई यांत पावशेराच्या आसपास फरक!

मग काय, भडकाच उडाला. एकेक बाई डबा घेऊन काट्याकडे. माझं बी कमी! माझं बी! एकीने तर मागच्या वर्षीची नानकटाई पण कमी भरली होती असं आठवून सांगितलं. रस्त्यावरचे लोक थांबले. एक मोटारसायकलवाला तर काही न विचारताच म्हणाला, "पोलिसात द्या." आणि या सगळ्या मोर्च्याच्या पुढे कोण? मी. तळहात वर करून उभा!

खदीर खाली बसला. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. हळूच म्हणाला, "सर, अब्बांपास्नं ही भट्टी हाय. आजतक कुनी बोट दाखवलं न्हवतं."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण काटा काय खोटं बोलतो?

"सर," तोच म्हणाला, "एक काम करू. मंदाताईंचा दुसरा ट्रे अजून कच्चा हाय. समद्यांच्या समोर वजन करा, भट्टीत तुमीच घाला. मी लांब बसतो. निघाल्यावर तुमीच तोला."

प्रयोग! अहो, मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंय. माझ्या अंगात एकदम वर्गच संचारला. सगळ्यांना अर्धगोलात उभं केलं. ट्रे काट्यावर ठेवला. बरोबर दोन किलो. दोन बायांनी वाचून खात्री केली. खदीरला रस्त्यापलीकडे पानपट्टीसमोर बसवलं, हात दिसतील असे गुडघ्यावर ठेवायला सांगून. ट्रे मी स्वतः आत सारला. आणि सगळ्यांनी भट्टीच्या तोंडावर डोळे लावले. कुणी पापणी हलवली नाही. एवढी शांतता माझ्या वर्गात कधी नव्हती!

वीस मिनिटांनी ट्रे काढला. काट्यावर ठेवला. एक किलो आठशे चाळीस.

सगळ्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. खदीर तिथेच, हात गुडघ्यावर.

"काटाच खोटा आहे!" मी जाहीर केलं.

शेजारच्या किराणा दुकानातून दुसरा काटा आला. एक किलो आठशे चाळीस.

आता शहाणा माणूस काय करेल? घरी जाईल. मी काय केलं? म्हटलं, मग भट्टीतच कुठेतरी फट असणार, त्यातून माल खाली पडत असणार! तोवर कुणीतरी आपला ट्रे आत सारून भट्टीच्या तोंडाला झाकण लावलं होतं. मी तावातावाने गेलो, झाकण बाजूला केलं, आणि डोकं आत घातलं.

काही दिसेना! चष्म्यावर पांढरं आलेलं. काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा डोकं घातलं. पुन्हा पांढरं! तीन वेळा पुसला.

"खदीर!" मी तिथूनच ओरडलो, "इथं एवढी वाफ कशी काय येतेय?"

रस्त्यापलीकडून आवाज आला. अगदी अदबीने.

"सर, तेच तुमचे साडेतीनशे ग्रॅम हायत."

मी तसाच राहिलो. डोकं भट्टीत, बाकीचा मी बाहेर. खरं सांगतो, ते बाहेर काढावंसंच वाटेना. शेवटी उष्णतेने कान भाजायला लागले तेव्हा काढलं. चष्मा हातात घेतला तर काचेवरून पाण्याचा एक थेंब घरंगळून माझ्या तळहातावर पडला आणि चाराचा आकडा पुसून गेला.

मंदाताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "व्हय की," त्या म्हणाल्या, "भाकर बी भाजली की हलकीच होतीय. पानी वर जातंय ना, गुरुजी?"

मी रस्ता ओलांडून गेलो, खदीरसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चूक माझी आहे. या माणसाने कुणाचा कणभर माल घेतला नाही. मूर्खपणा मी केला." खदीर उठून उभा राहिला आणि माझा हात धरला. "होतंय सर. धूप लागली असंल."

बाया हळूहळू पांगल्या. मोटारसायकलवाला तर आधीच गायब झाला होता. मी ट्रे उचलला आणि खदीरला म्हटलं, "एक वाजता घरी जेवायला यायचं. आला नाहीस तर मी इथेच बसून राहीन, हा ट्रे घेऊन."

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. सुमन दारातच. "खदीरला तोंड उघडायला लावलंव म्हने?" मी मान खाली घालून आत गेलो. ती मागून म्हणाली, "देवा, आज इहीन-व्याही यायलेत, आज तरी गप राहू द्या यांना."

एक वाजता पंगत बसली. दिगंबरराव, विहीणबाई, प्रशांतराव, आणि शेजारच्या पाटावर खदीर, इस्त्रीचा कुर्ता घालून. धोंडे झाले, तूप झालं, आणि शेवटी माझा क्रिस्प आला. दिगंबररावांनी एक घास घेतला. त्यांनी दुसरा घेतला. मग वाटी पुढे केली, "वाढा अजून."

काय सांगू, जिंकलो होतो मी! सगळ्या सकाळचं सार्थक झालं. प्रशांतराव म्हणाले, तिकडच्यापेक्षा चांगला झालाय. सुमनसुद्धा नाही म्हणाली नाही. विषय भट्टीकडे वळू नये म्हणून मी घाईघाईने पावसाचं काहीतरी बोलायला घेतलं. पण दिगंबररावांना गप्प बसवणारा अजून जन्मायचाय.

"खदीरभाई," ते म्हणाले, "तुमी गुरुजींचे विद्यार्थी ना? शिकवायला कसे होते हो आमचे व्याही?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. शिल्पाने ताटात पाहिलं. खदीरने शांतपणे घास संपवला.

"लय भारी शिकवायचे साहेब. सातवीत एकदा सरांनी इचारलं, ओले कपडे दोरीवर वाळत घातले, त्यातलं पानी गेलं कुठं? माझ्यावर बोट होतं. मी म्हनलं, कुनीतरी चोरलं असंल सर."

"मग?"

"मग काय! पुरा तास बाकावर उभं केलं."

दिगंबरराव पोट धरून हसले. पण त्यांच्या लक्षात आलं, की बाकीचे त्यांच्याहून जास्त हसतायत. सुमन तर पदरात तोंड घालून आत पळाली. शिल्पाने डोळे पुसत सासऱ्यांना सकाळची सगळी हकिगत सांगितली, साडेतीनशे ग्रॅमसकट.

मी ताट बाजूला सारलं आणि पाटावर उभा राहिलो.

"अहो गुरुजी, बसा की," दिगंबरराव म्हणाले, "तुमचं गोड राहिलंय अजून."

"तुमचं चालू द्या," म्हटलं, "माझा तास पुरा व्हायचाय."